बांधलेली शीव

वैशाखाचं ऊन त्या वर्षी पिसाळलं होतं. बालाघाटाच्या बोडक्या रांगांवरून ते सकाळीच धावत उतरे, काळ्या रानांचे लचके तोडी, नाल्यांच्या कोरड्या गळ्यांत दात रुतवी, आणि दुपारपर्यंत सारा मुलूख धापा टाकू लागे. गुलमोहर पेटलेले. खडक तापलेले. आभाळ इतकं निळं, इतकं निर्दय, की वर पाहवत नसे.

रस्ते निर्मनुष्य. वाऱ्याखेरीज कुणी चालत नव्हतं, धुळीखेरीज कुणी उठत नव्हतं. गावोगावच्या शिवांवर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या, आणि फांद्यांमागे राखणीला बसलेली माणसं. रोग कुणी पाहिला नव्हता. काठ्या मात्र सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

त्या मेलेल्या रस्त्यांवरून एकच स्कूटी रोज धावे. तिच्यावर सत्त्वशीला गायसमुद्रे, पाच गावांची आरोग्यसेविका, सगळ्यांची सिस्टर. पायांशी लशींचा निळा डबा, खांद्याला पिशवी, तोंडावर मास्क, आणि मास्कच्या वर फक्त दोन तांबारलेले डोळे.

मुंबईहून आलेले किती, पुण्याहून आलेले किती, ऊसतोडीहून परतलेले किती. कुणाला ताप, कुणाला खोकला, कुणाला दम लागतो. कपाळापुढे थर्मामीटर धरायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, हातावर शिक्का मारायचा, शिव्या ऐकायच्या आणि पुढच्या दारी जायचं. मास्कच्या दोऱ्यांनी तिच्या कानांमागे जखमा झाल्या होत्या. टाळ्या वाजवणारी माणसं शहरांत होती. तिच्या वाट्याला दारं लावून घेणारी आली.

संध्याकाळी घरी आली की ती अंगणातच बादलीभर पाणी डोक्यावरून ओतून घेई. म्हातारे बापू, तिचे वडील, ओसरीवर बसलेले असत. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. बापू त्या वेगळ्या ताटाकडे बघत राहत. उभ्या जन्मात दुसऱ्यांच्या दारी त्यांच्यासाठी तसंच ताट काढून ठेवलेलं असे. आता ते स्वतःच्या घरात आलं होतं.

आणि एका मंगळवारी बोरखिंडीत कुत्रा आला.

ढाबे बंद, हॉटेलं बंद, उकिरडे रिकामे. भुकेने आणि उन्हाने आणि कुठल्याशा जुन्या विषाने तो वेडा झाला होता. जबड्यातून फेस, डोळ्यांत तांबडा अंधार, पायांत आंधळा वेग. भर दुपारी तो गावाच्या या टोकाने शिरला आणि त्या टोकाला, देवळामागच्या पत्र्याच्या खोपीपुढे भातुकली मांडून बसलेल्या वैजूवर झेपावला. नऊ वर्षांची वैजू. तिने हात पुढे केला असता तर हात गेला असता. तिने तोंड वळवलं, आणि गाल फाटला.

मग गावाने कुत्र्याला ठेचलं. दगडांनी, काठ्यांनी, खोऱ्यांनी. तो मेल्यावरही बराच वेळ ठेचत राहिले. कितीतरी दिवसांनी गावाला मारायला काहीतरी डोळ्यांना दिसेल असं सापडलं होतं.

वैजूचा बाप अजून कारखान्यावर अडकलेला. आई कौसाबाईने लेकराला खांद्यावर टाकलं आणि सात किलोमीटर उन्हातून आरोग्य केंद्र गाठलं. सत्त्वशीलेने साबणाच्या पाण्याने ती जखम पाव तास धुतली. वैजूच्या किंकाळ्यांनी भिंती थरथरल्या, पण सत्त्वशीलेचे हात थरथरले नाहीत. पहिली सुई त्याच दिवशी. दुसरी तीन दिवसांनी. तिसरी सातव्या दिवशी, चौथी चौदाव्या, पाचवी अठ्ठाविसाव्या.

"गालावरचा चावा आहे, सिस्टर," डॉक्टर म्हणाले होते. "मेंदू जवळ आहे. एकही तारीख चुकता कामा नये."

गावाबाहेर गेलं की चौदा दिवस बाहेरच राहायचं, असा बोरखिंडीचा नियम झाला होता. त्या पहिल्या दिवशी कुत्र्याच्या गोंधळात कुणी कौसाबाईला अडवलं नाही. पुन्हा तिला सोडणार नव्हते. म्हणून दुसरी सुई सत्त्वशीला स्वतःच घेऊन गेली. तेव्हा तिने वैजूला आधी पाणी प्यायला सांगितलं आणि तिच्या गळ्याकडे एकटक बघत राहिली. पिसाळलेलं विष डोक्यात चढलं की पाणी गळ्याखाली उतरत नाही, पाणी बघूनच माणूस किंचाळतो. वैजू गटागटा प्यायली. कौसाबाईने तेव्हा कुठे श्वास सोडला.

सातवा दिवस मंगळवारच होता. सत्त्वशीलेने सकाळी डब्यात बर्फाच्या चार चपट्या बाटल्या रचल्या, मधोमध लशीच्या भुकटीची इवलीशी कुपी, तिच्याशेजारी पाण्याची काचेची नळी. झाकण लावलं. गारवा टिकेल तोवरच ती लस लस होती. त्यानंतर नुसती पांढरी भुकटी. वैशाखाच्या त्या उन्हात जुनाट डबा फार तर दुपारपर्यंत टिकला असता.

बोरखिंडीच्या शिवेवर आज फांद्या नुसत्या पडल्या नव्हत्या. आज शीव बांधली होती.

काट्यांच्या आतल्या अंगाला राखेची आणि चुन्याची जाड रेघ. रेघेवर लिंबाच्या डहाळ्यांचं तोरण. एका चपट्या धोंड्यावर नुकताच कापलेला कोंबडा, अजून फडफडणारा, आणि धोंड्यावरून ओघळणारं गरम, तांबडं, चकाकतं रक्त. रेघेला लागून वेताची एक टोपली. तिच्यात शेंदूर माखलेली मरीआई, हिरव्या बांगड्या, हिरवा खण, पिवळी लिंबं, हळदीचा डोंगर. शेजारच्या तालुक्यात दोन माणसं गेल्याची बातमी आली होती, आणि भेदरलेल्या गावाला आज्या-पणज्यांचं औषध आठवलं होतं.

आठ दिवस शीव बांधायची. बाहेरचं आत नाही, आतलं बाहेर नाही. आणि रोगाच्या आईला टोपलीत बसवून, कुणाच्यातरी डोक्यावर देऊन, पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून यायचं. जो नेईल त्याने मागे बघायचं नाही. सालभर पाठवणाऱ्या गावात पाऊल टाकायचं नाही.

पण टोपली सकाळपासून तशीच पडून होती. ती उचलायला कुणी पुढे येत नव्हतं.

जुन्या काळी उचलणारे ठरलेले होते. सत्त्वशीलेचा आजा पोतराज होता. कमरेला रंगीबेरंगी चिंध्या, पाठीवर रुळणारी जट, हातात स्वतःच्याच अंगावर ओढायचा चाबूक, कोरडा. या मुलखात पटकी आली, देवी आली की आज्याच्या डोक्यावर टोपली चढे. एरवी ज्याची सावली लोकांना चालत नसे त्याच्यापुढे त्या दिवशी सारं गाव वाकत असे. टोपली डोक्यावर आहे तोवर त्याला शिवी द्यायची नाही, हात लावायचा नाही, वाट अडवायची नाही. जिथे आई जाईल तिथे जाऊ द्यायचं. "सबंध जन्मात तेवढीच दोन कोस वाट आपल्या मालकीची," आजा म्हणायचा. टोपली खाली ठेवली की पुन्हा तोच हाडहूड करून घ्यायचा जन्म.

बापूंनी विसाव्या वर्षी विळ्याने स्वतःची जट कापली. कोरडा चुलीत घातला. आपल्या लेकराच्या डोक्यावर टोपली चढणार नाही, एवढी एकच शपथ घेतली आणि दगड फोडून लेकीला नर्स केलं. हे सगळं सत्त्वशीलेला ठाऊक होतं. या गावालाही ठाऊक होतं.

"तिथंच थांबा, सिस्टर!"

नागनाथअण्णा काट्यांमागून ओरडला. गावचा दुकानदार, वयाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. त्याच्यामागे वीस-पंचवीस माणसं.

"अण्णा, वैजूची सुई आहे आज. दहा मिनिटं लागतील. देते आणि जाते."

"शीव बांधलीया. आता आठ दिस चिटपाखरू आत यायचं न्हाई."

"मग तिला इथं आणा. मी बाहेरच उभी राहते. तिने नुसता हात रेघेवरून पुढे करावा."

"हातसुद्धा न्हाई." अण्णाने काठी जमिनीवर आपटली. "बांधलेल्या शिवंवरून हातसुद्धा जायचा न्हाई."

"अहो, पिसाळलेलं कुत्रं चावलंय तिला! तारीख चुकली तर पोर हातची जाईल."

"आन् तुम्ही धा गावचा रोग अंगावर घिऊन आत आलात तर गाव हातचं जाईल, त्याचं काय?"

ऊन वर चढत होतं. डब्यातला बर्फ वितळत होता. सत्त्वशीलेला आत तो थेंब थेंब गळताना ऐकू येत असल्यासारखं वाटलं. तिने डबा उचलला, काट्यांची एक फांदी धरली आणि बाजूला ओढली.

पहिला दगड स्कूटीच्या आरशावर बसला. काचेचं आभाळ फुटून धुळीत सांडलं. दुसरा खांद्यावर. तिसरा डाव्या भुवईवर. क्षणभर सगळं पांढरं झालं, मग तांबडं, मग उष्ण, ओलं, खारट. हातातला डबा निसटला, दगडावर आपटला, झाकण उचकटलं. बर्फाच्या बाटल्या घरंगळल्या. दोन फुटल्या आणि तहानलेल्या मातीने ते पाणी एका घोटात पिऊन टाकलं. दगड कुणी मारला ते कळलं नाही. दगड सगळ्यांच्याच हातात होते.

ती गुडघ्यांवर पडली. काट्यांत, काचांत, धुळीत हात घालून शोधू लागली. आधी कुपी. सापडली, शाबूत. मग काचेची नळी. शाबूत. उरलेल्या दोन बाटल्यांच्या मधे तिने ती दोन्ही ठेवली, अंगावरचा पांढरा कोट काढून भोवती गुंडाळला आणि तो गोळा फुटक्या डब्यात दाबून बसवला. तिच्या भुवईतून रक्त टपकत होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात कौसाबाई धावत आली. पदर उडालेला, केस सुटलेले. "सिस्टर! सिस्टर, जाऊ नका! माझ्या लेकराचं..." रेघेपाशी पोचायच्या आत दोघांनी तिला दंडाला धरून मागे खेचलं. ती फिरली, एकाच्या मनगटाला चावली. त्याने तिच्या कानफटात अशी लगावली की ती कोंबड्याच्या रक्तात पडली. तिला उठवायला कुणी पुढे झालं नाही. गाव भ्यालेलं होतं, आणि भ्यालेल्या गावाला लाज नसते.

नागनाथअण्णा मात्र टोपलीकडे बघत होता. मग त्याने सत्त्वशीलेकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, जणू आज पहिल्यांदाच.

"तू त्या पोतराजाची नात न्हवं?" तो म्हणाला. सिस्टरची 'तू' व्हायला तीन दगड पुरले होते. "तुझा आजाच न्यायचा की आईला. तुमचंच काम हाय हे. उचल टोपली, टाकळदरीच्या शिवंवर सोडून ये. मंग बघू पोरीचं."

मग बघू. त्या दोन शब्दांत काय होतं ते तिला पुरतं कळलं. टोपली शिवेबाहेर गेली की त्यांचं काम झालं. सालभर तिला गावात पाऊल नाही, आणि पोरीचं बघायला मागे उरणार कोण?

"नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे बापूंची कापलेली जट होती. चुलीत जळणारा कोरडा होता. दगड फोडून फोडून वाकडी झालेली बापूंची बोटं होती. "मी सरकारी नर्स आहे, अण्णा. मी टोपली उचलत नाही."

"मंग बस उन्हात."

ती बसली. ऊन तिच्या डोक्यावर उभं राहिलं. माशा भुवईवर येऊन बसल्या. कोटाच्या गुंडाळीत तिने हात घालून पाहिलं. एक बाटली अर्धी पाणी झाली होती. दुसरीत बर्फाचा एक खडा खुळखुळत होता, एवढासा, बोराएवढा. कौसाबाई रक्तात तशीच बसून तिच्याकडे बघत होती, आणि आता ती रडतही नव्हती. आईचं रडणं थांबतं तेव्हा तिने मनातल्या मनात लेकराला मूठमाती दिलेली असते.

बोराएवढा बर्फ. मग चिंचोक्याएवढा.

आणि त्याच वेळी सत्त्वशीलेला आज्याची ती दोन कोस वाट आठवली. शिवी द्यायची नाही. हात लावायचा नाही. वाट अडवायची नाही. जिथे आई जाईल तिथे जाऊ द्यायचं. तिने हळूच मान वर केली.

बापू, माफ करा, असं ती मनात म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "ठेवा. ठेवा टोपली."

गावाच्या छातीवरचं ओझं उतरलं. कुणीतरी जुन्या लुगड्याची चुंबळ वळून आणली. नागनाथअण्णाने दोन्ही हातांनी टोपली उचलली आणि रेघेवरून वाकून तिच्या डोक्यावर ठेवली. हळद तिच्या भांगात सांडली, शेंदूर तिच्या रक्तात मिसळला. तिच्या मानेचे मणके करकरले. आज्याची मान, पणज्याची मान, कितीतरी पिढ्यांच्या वाकलेल्या माना तिच्या मानेत एकदम जाग्या झाल्या. "उदं गं आई, उदं!" गाव गरजलं. सगळ्यांनी हात जोडले.

सत्त्वशीलेने डावा हात टोपलीला लावला, उजव्या हाताने फुटका डबा उचलला. उठली. आणि रेघ ओलांडून सरळ गावात शिरली.

जोडलेले हात जागच्या जागी सुटले.

"ए! ए बाई! उलटी कुठं निघालीस?" अण्णा किंचाळला. त्याने काठी उगारली.

ती थांबली. मान हलवता येत नव्हती, म्हणून फक्त डोळे फिरवले. एक डोळा मोकळा, एक रक्ताने भरलेला. आणि तिच्या तोंडून जी भाषा आली ती आरोग्य केंद्रातली नव्हती. ती आज्याची होती.

"आई डोक्यावर हाय, अण्णा. अडवा."

काठी वरच राहिली. ऊन तिच्या टोकावर चकाकलं, पण काठी खाली आली नाही. त्यांनीच तिच्या डोक्यावर ठेवलेली टोपली. आता ती उतरवायची तर हात लावावा लागणार होता, आणि रोगाच्या आईला हात लावणारा बोरखिंडीत कुणी जन्माला आला नव्हता.

गर्दी फाटली. भीतीने, शरमेने, संतापाने फाटली. ज्या माणसांनी दगड मारले तीच भिंतींना पाठी लावून उभी राहिली. एकाच्या मुठीतला दगड पायाशी गळून पडला. म्हाताऱ्या बाया दारांतच जमिनीवर आडव्या झाल्या, "आई, माघारी फिर गं, आई, माघारी फिर," अशा विनवू लागल्या. पोरं कडीकोयंड्याआड दडली. पाटलाच्या वाड्यावरून, पारावरून, आजा ज्या देवळाच्या पायरीवर कधी चढू शकला नव्हता त्या पायरीपुढून ती चालत गेली. तापलेली गल्ली, जळते पाय, ठिबकणारं रक्त. मागे धुळीत थेंबाथेंबांची तांबडी माळ पडत गेली. गावाच्या मधून जाणारी तेवढी वाट त्या घडीला तिच्या मालकीची होती.

कौसाबाई तिच्या पुढे धावत होती.

पत्र्याच्या खोपीत भट्टीची धग होती. वैजू कोपऱ्यात बसलेली, गालावर पट्टी, डोळे मोठे. सत्त्वशीला गुडघ्यांवर टेकली. टोपली उतरवता येत नव्हती; ती खाली ठेवली असती तर दाराबाहेरची माणसं त्याच क्षणी आत आली असती. मान ताठ, पाठ ताठ, डोक्यावर मरीआई.

"कौसाबाई, हिला पाणी द्या."

वैजूने तांब्या तोंडाला लावला. आणि तो लहानसा, मळका, सावळा गळा हलला. घोट खाली उतरला. दुसराही उतरला. देवाच्या मूर्तीवरून अभिषेकाचं पाणी ओघळावं तशी हनुवटीवरून एक धार ओघळली, आणि सत्त्वशीलेच्या डोळ्यांतही पाणी आलं.

मग हात आपोआप चालू लागले. कोटाची गुंडाळी सोडली. चिंचोक्याएवढा बर्फ अजून होता. कुपी गार होती. नळीची मान मोडली, पाणी ओढलं, भुकटीत सोडलं, कुपी हलवली, पुन्हा ओढलं. रक्ताचा एक थेंब सुईजवळून निसटून जमिनीवर पडला. तिने मनगट बाजूला घेतलं, कापसाने वैजूचा दंड पुसला.

"सिस्टर," वैजू कुजबुजली, "तुमच्या डोक्यावर देव हाय?"

"हो. हलू नकोस, पडेल."

वैजू हलली नाही. सुई गेली. तिसरी.

परत निघताना तिने गावाकडे पाहिलं नाही. आता ती नियमाप्रमाणे चालत होती. आईला घेऊन, शिवेकडे, शिवेबाहेर, मागे न बघता. तिच्या मागे सगळ्यांची पुटपुट, कुणाची शिवी नाही, कुणाची क्षमाही नाही. कौसाबाईचा एक हुंदका मात्र ती रेघ ओलांडेपर्यंत तिच्या पाठीशी होता.

टाकळदरीची शीव हाकेच्या अंतरावर आली तेव्हा तिथूनही काठ्या दिसू लागल्या. बातमी तिच्या आधी पोचली होती. "इकडं आणायची न्हाई!" माणसं लांबूनच ओरडू लागली. "एक पाऊल पुढं टाकलंस तर बघ!" टोपली डोक्यावर असताना त्यांनाही तिला अडवता आलं नसतं. ती चालत राहिली असती तर टाकळदरीही फाटली असती. पण तिथे तिला कुणाला सुई द्यायची नव्हती. ती थांबली.

मागे एक गाव, पुढे एक गाव, मधे भाजून निघालेला माळ. माळावर एकच हिवराचं झाड, आणि झाडाखाली मूठभर विरळ सावली. सत्त्वशीलेने टोपली तिथे उतरवली. मान सरळ व्हायला बराच वेळ लागला. मग ती मरीआईच्या शेजारी बसली, खोडाला टेकून, पाय पसरून.

टोपलीत वाकून पाहिलं तर तिच्या भुवईतलं रक्त देवीच्या तोंडावर ओघळून सुकलं होतं. डब्यातल्या दोन्ही बाटल्या आता नुसतं पाणी होत्या. तिने एक फोडली आणि स्वतःचं तोंड धुतलं. दुसरी फोडली आणि मरीआईचं तोंड धुतलं. शेंदूर, हळद, रक्त सगळं एकत्र वाहून हिवराच्या मुळांत मुरलं.

दोघींनाही कुठलंच गाव घेत नव्हतं. दोघी सावलीत बसून राहिल्या.

मरीआईला हिवराखालीच ठेवून ती केंद्रात परतली तेव्हा डॉक्टरांनी चार टाके घातले आणि पोलिसांत तक्रार द्यायची का, असं विचारलं. "अजून दोन सुया बाकी आहेत, सर," ती म्हणाली. "त्या होऊ द्या, मग बघू." आता ते दोन शब्द तिचे होते.

संध्याकाळी अंगणात शिरली तेव्हा पश्चिमेला आभाळ सोलवटलं होतं. बापू ओसरीवर होते. त्यांनी टाके पाहिले. मग भांगातली हळद पाहिली. मग केसांवर चुंबळीचा गोल, दबलेला, जुना, ओळखीचा वळ पाहिला.

"जड होती का गं?" त्यांनी विचारलं.

"टोपली नाही, बापू. डबा जड होता."

बापू उठले. तिने हाताने खूण केली, जवळ येऊ नका. ते आले. वाकड्या बोटांनी बादली उचलली आणि पोतराजाच्या त्या मुलाने लेकीच्या डोक्यावरची हळद तांब्या-तांब्याने, हळू हळू, टाक्यांवर पाणी जाऊ न देता धुऊन काढली. ती खाली मान घालून बसली आणि रडली. तिला दिवसभर रडायला वेळच मिळाला नव्हता.

चौदावा दिवस. पुन्हा मंगळवार. ऊन तसंच पिसाळलेलं, गुलमोहर तसेच पेटलेले. बोरखिंडीची शीव मावळतीला सुटणार होती. अजून बांधलेलीच होती. राखेची रेघ वाऱ्याने विस्कटलेली, तोरणाचा लिंब वाळून काटक्या झालेला, धोंड्यावरचं रक्त काळं पडलेलं.

सत्त्वशीला रेघेबाहेर थांबली. टोपली नेणारीला सालभर आत पाऊल नव्हतं, आणि आज तिला ते टाकायचंही नव्हतं. एकदा तिने ओलांडलं होतं. आता कुणीतरी आतून ओलांडायला हवं होतं. तिने नवा निळा डबा जमिनीवर ठेवला आणि उन्हात उभी राहिली. हाक मारली नाही.

काट्यांमागे माणसं उभी होती. तीच माणसं. नागनाथअण्णा काठी घेऊन पुढे होता. "ये" असं कुणी म्हणत नव्हतं, "जा" असंही कुणी म्हणत नव्हतं. सगळे तिच्या भुवईवरच्या टाक्यांकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

मग गर्दीच्या पायांमधून वाट काढत वैजू आली. गालावरची पट्टी निघालेली, जखमेवर तांबूस खपली. मागे कौसाबाई, आज कुणी धरलेली नाही. वैजू रेघेपाशी येऊन थांबली. तिने अण्णाकडे वर पाहिलं. अण्णाने काठी या हातातून त्या हातात घेतली, घसा खाकरला, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

वैजूने फ्रॉकची बाही खांद्यापर्यंत सरकवली.

रेघेच्या आत गाव, रेघेच्या बाहेर सुई, आणि दोन्हींच्या मधे, काट्यांवरून, राखेवरून, वाळलेल्या रक्तावरून पुढे आलेला, उन्हात आडवा धरलेला, न थरथरणारा, एक उघडा, बारीक, सावळा हात.